एकादशीचा वडापाव द्वादशीला उघडतो: वारीच्या वाटेवरच्या दात्यांना खुले पत्र

प्रति,
पुणे, हडपसर ते थेट वाखरीपर्यंतच्या पालखी मार्गावरील सर्व सार्वजनिक मंडळे, गृहनिर्माण सोसायट्या, कंपन्यांचे सेवागट आणि हौशी दाते

विषय: वारकऱ्यांना काय द्यावे, कधी द्यावे आणि कृपा करून काय देऊ नये.

सप्रेम रामकृष्णहरी.

माऊलींची पालखी आळंदीहून ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघते. नवमीला पुण्यात येते, दशमीला पुण्यातच असते आणि दुसऱ्या सकाळी हडपसरमार्गे दिवे घाट चढून सासवडला जाते. बोटांवर मोजा. तो दिवस एकादशीचा निघतो. जवळजवळ दरवर्षी निघतो, कारण सगळा कार्यक्रम तिथीने बांधलेला आहे. आणि नेमक्या त्याच दिवशी, म्हणजे योगिनी एकादशीला, हडपसरपासून घाटाच्या पायथ्यापर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना वडापाव, पोहे, उपमा आणि मसालेभाताचे मांडव लागतात. समोरून येणाऱ्या लाखो माणसांचा कडक उपास, आणि मांडवातून माईकवर आग्रह: ‘माऊली, पोटभर घ्या!’

वारकरी नाही म्हणत नाही. अन्न समोर आलं की ते प्रसाद म्हणून कपाळाला लावायचं आणि घ्यायचं, ही त्याची रीत. तो वडापाव घेतो, कागदात गुंडाळलेला तसाच पिशवीत टाकतो आणि घाट चढतो. त्या दिवशीची चाल तीसेक किलोमीटरची, सगळ्या वाटेतली सर्वांत मोठी. पिशवीत ओला टॉवेल, धोतर आणि वर पावसाची भुरभुर. सासवडला द्वादशीच्या सकाळी उपास सोडायच्या वेळी तो कागद उघडतो. उकडलेला बटाटा, लसणाची चटणी आणि पाव हे उबदार, दमट पिशवीत वीस तास एकत्र राहिले की काय होतं ते सांगायला डॉक्टर लागत नाही. मात्र त्यानंतर डॉक्टर लागतो. द्वादशीला आमच्या दिंडीच्या औषधपेटीतून जुलाबाच्या गोळ्या आणि ओआरएसची पाकिटं सगळ्यांत जास्त जातात, त्यातला मोठा वाटा तुमच्या पुण्याचा असतो. इथे पुणे शहर म्हणा किंवा पुण्यकर्म म्हणा, दोन्ही चालेल.

तेव्हा पहिली विनंती: मांडव ठरवण्याआधी पंचांग बघा. आणि एकादशी नसली तरी कांदा-लसूण टाळा. माळकऱ्यांतले बरेच जण तो खात नाहीत, आणि ताटात आल्यावर ‘नको’ म्हणायचाही त्यांना संकोच वाटतो.

मुळात एक गैरसमज काढून टाकू. वारकरी म्हणजे उपाशी निघालेली गर्दी नव्हे. रथापुढे २७ दिंड्या चालतात, रथामागे त्याहून कितीतरी जास्त. नोंद झालेल्या प्रत्येक दिंडीला क्रमांक असतो, चालक असतो, विणेकरी असतो, आणि मागे एक चालतं स्वयंपाकघर असतं. माणशी भिशी, म्हणजे वाटेतल्या जेवणखर्चाची वर्गणी, आधी जमा झालेली असते. ट्रक, पाण्याचा टँकर, तंबू, आचारी, गॅसच्या टाक्या आणि पातेली पहाटेच पुढे रवाना होतात आणि दुपारच्या जागी चुली पेटतात. तीनशे माणसांच्या दिंडीला एका वेळी ढोबळ हिशेबाने ४० किलो कणीक, २५ किलो तांदूळ, १०-१२ किलो डाळ आणि ३० किलो भाजी लागते. हे शिजतं नेमक्या माणसांसाठी, नेमक्या वेळेला. तुम्ही सकाळी अकराला रस्त्यात दोरी धरून लोकांना थांबवून पुलाव खाऊ घातला, की दुपारी एकच्या पंगतीला निम्मी पानं रिकामी राहतात. उरलेला भात पुढच्या मुक्कामी नेता येत नाही. शिजलेला भात झाकून कोमट अवस्थेत तीन-चार तास ठेवला की त्यात जे जंतू वाढतात त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. मग गावातली गुरं जेवतात. तुमचं दान पोहोचतं, फक्त दोन पायांच्या ऐवजी चार पायांच्या माऊलींना.

आता काही मंडळं सुज्ञ असतात. त्यांना एकादशी ठाऊक असते, म्हणून ती साबुदाण्याची खिचडी करतात. इथे थोडं थांबावं लागेल, कारण वारीच्या वाटेवर साबुदाण्याइतकी फसगत दुसऱ्या कशाची होत नाही.

घरी पाच माणसांची खिचडी मोकळी होते, म्हणून पाच हजारांची होईलच असं नाही. साबुदाणा म्हणजे नुसता पिष्ट. भिजवताना पाणी दाण्यांच्या जेमतेम बरोबरीने हवं, चार-पाच तास. मोठ्या टोपात अदमासाने बादली ओतली की तळाचा साबुदाणा लगदा होतो आणि वरचा कडकच राहतो. ही पहिली चूक. दुसरी चूक कढईची: एका घाण्यात १५ किलो टाकला तर खालच्या थरावर वरचं वजन येतं, वाफ कोंडते आणि झारा फिरवेपर्यंत सगळं चिकट होतं. एका वेळी भिजवलेला तीन-चार किलोच घ्या, त्याला आधी दाण्याचं कूट चोळा, म्हणजे दाणा दाण्याला धरत नाही. तिसरी चूक सर्वांत मोठी. खिचडी छान झाली, म्हणून ती गरमागरम स्टीलच्या मोठ्या डब्यात झाकण लावून टेम्पोत चढवतात. आत वाफेवर साबुदाणा शिजतच राहतो. हडपसरला डबा उघडतो तेव्हा खिचडी झाऱ्याने निघत नाही, सुरीने कापावी लागते. हे आम्ही गमतीने लिहीत नाही. परातीत पसरून, पातळ कापड टाकून न्या, आणि शक्यतो जागेवरच करा. एक किलो कोरड्या साबुदाण्यात बटाटा आणि दाणे धरून द्रोणभर, म्हणजे दीडशे ग्रॅमच्या हिशेबाने, वीस माणसं होतात. पाच हजार द्रोणांना अडीचशे किलो साबुदाणा आणि त्यासाठी एका वेळी चालणाऱ्या निदान आठ-दहा शेगड्या. हे जमत नसेल तर राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, केळी द्या. लाडू भिजत नाही, नासत नाही, पिशवीत दोन दिवस राहतो, आणि भजनात टाळ वाजवणारा तो एका हाताने खाऊ शकतो. भगर मात्र विचारल्याशिवाय नको. ती काही घरांत एकादशीला चालते, काहींत चालत नाही. भगरीचं तयार पीठ तर अजिबातच नको. पावसाळी हवेत त्याला बुरशी लागते आणि त्यातून विषबाधा होते.

केळ्यांबद्दल इतकंच, की सालीसाठी पिंप ठेवा. मांडवाजवळ ठेवू नका, पुढे शंभर पावलांवर ठेवा. माणूस चालत चालत खातो, साल तिथे होते. मागून येणाऱ्या बाईच्या डोक्यावर तुळशीवृंदावन असतं. तिला पायाखालचं दिसत नाही.

आता चहा. पुण्यात दर पन्नास पावलांवर चहा असतो. कागदी कपात साठ-सत्तर मिलिलिटर, त्यात साधारण दीड चमचा साखर. पंधरा ठिकाणी ‘एवढा घ्याच’ झालं की शंभर ग्रॅमच्या पुढे साखर पोटात गेली. वारीत मधुमेहाची माणसं भरपूर असतात. त्यांना कोणी विचारत नाही, आणि तीही सांगत नाहीत. पण साखर हा त्यातला बारका प्रश्न. मोठा प्रश्न असा, की पंधरा कप चहा पाजणाऱ्या रस्त्यावर बायकांना जायला जागा नसते. म्हणून वारीतल्या बायका पाणीच कमी पितात, मग दुपारी घाटात चक्कर येते, मग त्यांना आणखी एक मंडळ उचलून सावलीत बसवतं आणि चहा देतं.

सोसायट्यांना आमचं कळकळीचं सांगणं आहे: तुमचा मांडव नसला तरी चालेल. तळमजल्यावरचं संडास-न्हाणीघर बायकांसाठी उघडा, बाहेर ठळक अक्षरात पाटी लावा, आत बादली, साबण आणि कडी नीट लागते का ते बघा. वॉचमनला आदल्या दिवशी सांगून ठेवा, नाहीतर तो आपलं नेहमीचं काम चोख करतो. पाच हजार वडापावांपेक्षा दोन उघडी दारं अधिक उपयोगाची आहेत. त्याचा फोटो चांगला येत नाही, हे मान्य.

पाण्याचं म्हणाल तर छोट्या सीलबंद बाटल्या बंद करा. रिकामी बाटली आडवी पडली की रस्त्यावर लाटणं ठेवल्यासारखी पायाखाली फिरते. नळ लावलेले वीस लिटरचे जार किंवा टँकर पुरे. वारकऱ्याकडे स्वतःचा तांब्या किंवा पेला असतो. टँकर देणाऱ्यांतले काही अतिउत्साहाने ब्लीचिंग पावडर मुठीने टाकतात, मग त्या पाण्याचा चहा पोहण्याच्या तलावासारखा लागतो. हजार लिटरला पाच ग्रॅम, म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरला पन्नास ग्रॅम. कोरडी टाकायची नाही. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी टँकरमध्ये ओतायची. अर्ध्या तासाने पाणी द्यायला हरकत नाही.

पायांची सेवा हा तर स्वतंत्र अध्याय आहे. हेतू उत्तम: थकलेले पाय दाबून द्यावेत, तेल चोळावं. पण वारकऱ्याला पुढे अजून दहा किलोमीटर जायचं असतं. तळव्याला तेल लागलं की पाय रबरी चपलेत सरकतो, चप्पल अंगठ्यातून निसटते आणि अनवाणी पायाला वाळू चिकटून तिचाच पॉलिश पेपर होतो. तेल चोळायचंच असेल तर रात्रीच्या मुक्कामी, जेवणानंतर. आणि फक्त पोटऱ्यांना.

दुसरा प्रकार गरम पाण्याच्या घमेल्याचा. एकाच घमेल्यात मीठ घालून सकाळपासून दोनशे माणसांचे पाय बुडवले, की एकाच्या चिखल्या दोनशे जणांना वाटल्या जातात. शिवाय जुन्या मधुमेहाच्या पायाला ऊन-थंड कळत नाही. पाणी पोळतंय हे त्याला समजतच नाही, दुसऱ्या दिवशी कातडी निघून येते. पाण्यात आधी स्वतःचं कोपर बुडवून बघा. त्याहून चांगलं, वाहत्या नळाखाली पाय धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, बास. फोड आला असेल तर तो फोडू नका. वरची कातडी हीच त्याची पट्टी. फुटला असेल तर पोव्हिडोन आयोडीन, वर गॉज, वर चिकटपट्टी. टाचणीने फोड फोडून देणारे स्वयंसेवक दरवर्षी भेटतात. त्यांचा हात हलका असतो, पण टाचणी एकच असते.

नव्या चपला वाटणाऱ्यांनाही नमस्कार. चप्पल नवी असते म्हणूनच ती चावते. त्यातून सगळ्या जोड आठ नंबरच्या आणलेल्या, पाच नंबरच्या आजी त्यात होडीत बसल्यागत चालतात. आणि नवी मिळाली म्हणून जुनी, पायाच्या वळणाची झालेली, तिथेच सुटते. वारकऱ्याला हवी असते दुरुस्ती. एका चांभाराला दिवसभराची मजुरी देऊन रस्त्याकडेला बसवा, त्याच्याजवळ दाभण, दोरा, खिळे, अंगठे आणि रबरी चपलांचे सुटे पट्टे ठेवा. शंभर जोड चपलांच्या पैशांत तीन-चार चांभार दिवसभर बसतात, आणि त्यांच्यापुढची रांग तुमच्या कुठल्याही मांडवापेक्षा मोठी असते. हीच गोष्ट छत्री दुरुस्तीची, न्हाव्याची आणि मोबाईल चार्ज करून देण्याची. चार्जिंगला मात्र प्रत्येक फोनला नंबर चिकटवा. आठशे माणसांचे फोन सारखेच दिसतात.

रेनकोटही तसेच. पातळ, झिरझिरीत, डोक्यातून घालायचे. दिवे घाटातल्या वाऱ्यात त्यांचे फुगे होतात. टाळकऱ्याचे हात त्यात अडकतात, डोक्यावर तुळस असलेली बाई तो घालूच शकत नाही, आणि संध्याकाळी सगळे फाटून रस्त्याकडेच्या बाभळींवर लटकतात. वारकरी वापरतो तो जाड मेणकापडाचा सहा बाय चार फुटांचा तुकडा. दिवसा डोक्यावरून पाठीवर, रात्री तंबूत ओल्या जमिनीवर अंथरूण. तो द्या. घोंगड्या-ब्लँकेटं देऊ नका, ती भिजली की ट्रकलाही जड होतात.

आरोग्य शिबिरांविषयी जरा कडक लिहावं लागेल. गुडघा दुखतो म्हटलं की वेदनाशामक गोळी हातावर पडते. पुढच्या चौकात दुसरं शिबिर, तिथे वेगळ्या नावाची पण त्याच औषधाची गोळी. तिसऱ्या ठिकाणी तिसरी. उपाशी पोटी, अंगात पाणी कमी, वय सत्तर आणि आधीच रक्तदाबाचं औषध चालू. अशा वेळी पोटातून रक्तस्राव होऊ शकतो, मूत्रपिंडाला धक्का बसू शकतो. म्हणून गोळी द्याल तर सोबत एका चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव, वेळ आणि तारीख लिहा आणि ती माणसाच्या खिशात टाका, म्हणजे पुढच्या शिबिराला कळेल. आणि ओआरएसची पाकिटं नुसती वाटू नका. नेहमीचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. लोक ते पेलाभर पाण्यात ढवळतात, मिठाचा काढा पितात आणि जुलाब वाढतात. लिटरभर पाण्यात कालवून पेल्याने पाजा. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

मुक्या जनावरांनाही दाते सोडत नाहीत. रथाच्या बैलांना पुरणपोळी, बुंदीचे लाडू, गुळाच्या ढेपा. अंकलीहून येणाऱ्या माऊलींच्या अश्वांना पेढे. बैलाच्या पोटात एकदम गोड आणि पीठ गेलं की आंबतं, पोट फुगतं, बैल बसतो. घोड्याला पोटशूळ झाला तर प्रकरण त्याहून गंभीर. बैलाला नमस्कार करा, हवं तर ओंजळभर फुलं लांबून टाका. ओल्या डांबरावर पाकळ्यांचा थर मात्र घालू नका. रथ ओढणारे खूर घसरतात. आणि क्रेनने पाकळ्या ओतणाऱ्यांना एवढीच आठवण, की खाली माणसं अनवाणी असतात.

स्वागत फलकाची उंचीही जरा बघा. पताकेची काठी माणसाच्या डोक्यावर चार-पाच फूट जाते. रस्त्यावर आडवं बांधलेलं कापड खाली झोळ घेतं, पताका त्यात अडकते, मागची रांग थांबते, आणि चौदा नेत्यांच्या फोटोंपैकी सात जण भगव्या कापडासकट पुढे निघतात. तसंच कर्णे. दिंडीत ज्ञानोबा-तुकाराम चालू असताना शेजारी मोठ्या आवाजात भक्तिगीत लावलं तर टाळाला मृदंग ऐकू येत नाही, ताल सुटतो. दिंडी समोरून जाईपर्यंत आवाज बंद ठेवा. तसंही त्या वेळी तुमचं कोणी ऐकत नसतं.

आणि आता भूगोल. पुण्यात दोन दिवस माऊलींची आणि तुकोबांची, अशा दोन्ही पालख्या असतात, भवानी पेठ आणि नाना पेठ माणसांनी फुलून जातात. तिथे खायला कमी पडत नाही, खाणारी पोटं कमी पडतात. नीरा ओलांडली की मांडव विरळ होत जातात, बरड, धर्मपुरी, नातेपुते, माळशिरसच्या टापूत ऊन-वारा जास्त आणि दाते कमी. पुण्यात मिळालेले बिस्किटांचे पुडे तिथल्या रस्त्यावरच्या पोरांना वाटत वाटत वारकरी जातात, म्हणजे दान तुमचं आणि वाहतूक आमची. तुमचा टेम्पो तिकडे न्या. आणि परतवारीला तर कोणीच नसतं. पौर्णिमेचा गोपाळकाला झाला की पालखी उलट्या पावली निघते, टप्पे लांब, माणसं मोजकी, पाऊस भरात. त्या दहाएक दिवसांत एक वेळचं गरम जेवण दिलंत तर ते खरोखर पोटात जाईल.

कसं द्यायचं ते यवतकडे बघून शिकण्यासारखं आहे. तुकोबांची पालखी तिथे मुक्कामाला येते तेव्हा घरोघर भाकऱ्या थापल्या जातात, पिठलं एकत्र शिजतं, आणि जेवण वेळेला मिळतं, मुक्कामी मिळतं, बसून मिळतं. पदार्थ साधा, पचणारा, वारकऱ्याच्या रोजच्या जेवणातला. पुण्यातल्या कित्येक वाड्यांत आणि शाळांतही ठरावीक दिंडी पिढ्यान्‌पिढ्या उतरते, तिथेही हे असंच चालतं. किती माणसं, किती वाजता, कोणाला पथ्य, हे यजमानाला तोंडपाठ असतं.

तुम्हाला अशी एखादी दिंडी धरायची असेल तर महिनाभर आधी तिच्या चालकाशी बोला. पालखीचं वेळापत्रक छापील मिळतं, त्यात विसावे आणि मुक्काम दिलेले असतात. चालकाला विचारा: कुठल्या मुक्कामी, किती पानं, शिजवलेलं की शिधा. शिधा द्यायचा झाल्यास तूरडाळ, गोडेतेल, गूळ, चहा पावडर, साखर सुटी न देता पोत्यात आणि डब्यांत द्या, आणि तो आळंदीतच ट्रकवर चढवा, भर रस्त्यात नको. ज्वारीचं पीठ आधी दळून देऊ नका. पावसाळ्यात दहा-बारा दिवसांत त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना चिरते. ज्वारी द्या, वाटेतल्या गावांत गिरण्या आहेत. काहीच सुचलं नाही तर एका मुक्कामाच्या गॅसचे किंवा टँकरचे पैसे द्या. त्यावर नाव घालता येत नाही, पण पोळ्या त्यावरच होतात.

फोन दुपारी एक ते तीनच्या दरम्यान करू नका. तेव्हा पंगत चालू असते आणि चालक वाढपात असतो.

आपले,
दिंडीचा स्वयंपाक, पाणी आणि औषधपेटी सांभाळणारी मंडळी